खाऱ्या वाऱ्यात कोणतं घड्याळ टिकतं?

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्यात स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास असली तरी ओलं राहतं, आणि किनाऱ्यावरची हवा त्याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे लाटांच्या फेसातून उडालेला खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब एखाद्या वस्तूवर बसला, की धुतला जाईपर्यंत तो ओलाच राहणार. अलिबाग, गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्यात राहून मनगटावर स्मार्टवॉच बांधणाऱ्या माणसाने घड्याळ निवडताना पहिला विचार या ओल्या मिठाचा करावा असं मला कळकळीने वाटतं. दुकानात मात्र स्क्रीन किती मोठी, फोन घेता येतो का, रंग कोणते, एवढंच बोलणं होतं.

पावसात उघड्यावर असलेल्या लोखंडावरचं मीठ निदान धुऊन जातं. आडोशाला, पाऊस पोचत नाही तिथे ते साठत राहतं. घराच्या पत्र्याचा वळचणीखालचा भाग किंवा खिडकीच्या गजाची आतली बाजू आधी का सडते, त्याचं हेच कारण. घड्याळालाही असे आडोसे असतात: पट्टा जिथे चौकटीत अडकतो ती खाच, बटणाच्या भोवतीची फट, मागच्या झाकणाचे स्क्रू, चार्जिंगच्या पिना. घड्याळ मरतं ते बहुतेक वेळा या जागांमधून. वरच्या चकचकीत धातूला काही झालेलं नसतं.

तरीही चौकट कशाची आहे याने फरक पडतोच, आणि त्यामागचं रसायन समजून घेण्यासारखं आहे. घड्याळात वापरले जाणारे बहुतेक धातू स्वतःच्याच ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे टिकतात. ॲल्युमिनियम हवेत आलं की त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर क्षणात तयार होतो. कारखान्यात विजेच्या साहाय्याने हाच थर वाढवून काही मायक्रॉन जाड करतात आणि त्यात रंग भरतात. त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. हा थर चांगला कठीण असतो, पण त्याखालचं ॲल्युमिनियम मऊ. घड्याळ चिऱ्याच्या भिंतीवर घासलं, कोपऱ्यावरचा थर उडाला, की तिथे मिठातल्या क्लोराइडला वाट मिळते. मग बारीक खड्डा पडतो आणि त्यात पांढरी भुकटी दिसू लागते. त्या खड्ड्याला लागूनच स्टीलचा स्क्रू असेल आणि मध्ये खारं पाणी, तर दोन वेगळ्या धातूंची छोटीशी विद्युतघटमाला तयार होते, आणि तिच्यात बळी जातो ॲल्युमिनियमचा.

स्टेनलेस स्टीलमध्ये हे काम क्रोमियम करतं. पोलादात ते साडेदहा टक्क्यांच्या वर असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर धरतो आणि चरा पडला तरी प्राणवायू मिळताच पुन्हा जुळून येतो. अडचण आहे ती 'प्राणवायू मिळताच' या अटीत. पट्ट्याच्या खाचेत साचलेल्या खाऱ्या पाण्यातला प्राणवायू संपतो, ताजा आत येत नाही, क्लोराइड गोळा होतं, पाणी आम्लधर्मी होत जातं आणि थर जुळायच्या ऐवजी अधिकच विरघळतो. ही क्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला वेग देते. म्हणून घड्याळाचं स्टील नुसतं 'स्टेनलेस' असून भागत नाही. घरातली चांगली भांडी ज्या ३०४ जातीच्या स्टीलची असतात, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६एल या जातीत त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं आणि क्लोराइडच्या माऱ्याला तोंड देण्याचं बळ त्यातून येतं. खोक्यावर ३१६एल लिहिलेलं असेल तर ते स्टील किनाऱ्यावर चालेल, मात्र तेसुद्धा खाचाखोचांत अजिंक्य नाही.

इथे स्वस्त घड्याळांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'मेटल बॉडी' असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या अनेक घड्याळांची चौकट जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली आणि वरून मुलामा दिलेली असते. कोरड्या गावात ती नीट चालते. किनाऱ्यावर मुलाम्याला केसाएवढी भेग पडली तरी खालचं जस्त खारतं, मुलामा फुगतो आणि त्याचे पोपडे निघू लागतात. त्याच किमतीत प्लास्टिकच्या चौकटीचं घड्याळ मिळत असेल तर निःशंकपणे प्लास्टिक घ्यावं. प्लास्टिक म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण धावपटूंच्या चांगल्या घड्याळांत तंतू मिसळून बळकट केलेलं पॉलिमरच, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, वापरतात. मिठाला त्याच्यात खाण्यासारखं काही नाही. रंग आतपर्यंत एकच असल्याने चरा उठून दिसत नाही. वजनाला हलकं, शिवाय ते रेडिओ लहरींना अडवत नाही. रापणीचं जाळं ओढणाऱ्या किंवा ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या माणसाने पैशाचा पुरेपूर मोबदला मागितला तर माझं उत्तर पॉलिमर हेच असेल.

आणि टायटॅनियम? समुद्राच्या पाण्याशी झुंजण्यात त्याच्या तोडीचं काही नाही. त्याचा ऑक्साइडचा थर इतका चिवट असतो की नेहमीच्या तापमानाला खारं पाणी त्याला बोट लावू शकत नाही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांतल्या नळ्या म्हणूनच पुष्कळदा टायटॅनियमच्या करतात. घनता पाण्याच्या ४.५ पट, म्हणजे स्टीलच्या (८) निम्म्याहून थोडी जास्त. ॲल्युमिनियमची २.७. घड्याळात पुष्कळदा 'ग्रेड ५' वापरतात. त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं आणि ते ३१६एल स्टीलपेक्षा चांगलंच कठीण असतं. शुद्ध टायटॅनियमवर मात्र ओरखडे सहज उमटतात. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनाही टायटॅनियम मानवतं.

ते महाग का, याची गोष्ट कोकणाशी जोडलेली आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी जी जड काळी रेती दिसते, तिच्यात इल्मेनाइट असतं. लोह, टायटॅनियम आणि प्राणवायू यांचं हे खनिज टायटॅनियमचं मुख्य कच्चं रूप आहे. पण टायटॅनियमने प्राणवायूला इतकं घट्ट धरलेलं असतं की लोखंडासारखं कोळशाच्या भट्टीत घालून ते सोडवता येत नाही. आधी क्लोरीनशी संयोग घडवायचा, मग बंद पात्रात वितळलेल्या मॅग्नेशियमने तो क्लोरीन काढून घ्यायचा, अशी लांबलचक रीत विल्यम क्रोल याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. आजही मुख्यतः तीच चालते. त्यातून मिळालेला धातू कापायलाही त्रासाचा, कारण कापताना होणारी उष्णता तो वाहून नेत नाही आणि हत्याराची धार जाते. म्हणून जगातलं बहुतेक इल्मेनाइट धातूपर्यंत पोचतच नाही, पांढऱ्या रंगासाठी वापरलं जातं. मला याचं फार अप्रूप वाटतं: रत्नागिरीच्या जांभ्यात बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियम, रेडीला लोहखनिज, कणकवलीजवळ क्रोमाइट म्हणजे क्रोमियम, कासार्ड्याला काचेची सिलिका वाळू आणि किनाऱ्यावर इल्मेनाइट. मनगटावरच्या घड्याळाचा जवळजवळ सगळा कच्चा माल या एका चिंचोळ्या पट्टीत सापडतो.

आता काच. काचेचा शत्रू मीठ नव्हे, वाळू. १८१२ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोस याने खनिजांची कठीणपणाप्रमाणे १ ते १० अशी उतरंड लावली. नियम साधा आहे: वरचं खालच्याला ओरखडतं. घड्याळाच्या साध्या किंवा मजबूत केलेल्या काचेचं स्थान साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येतं. क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, ७ वर. पितळी किल्ली ३-४ च्या घरात, त्यामुळे व्हिडिओत किल्लीने काच घासून दाखवतात त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कोकणातली वाळू मात्र सगळीकडे सारखी नाही, आणि हे कोणी विक्रेता सांगत नाही. रायगड आणि रत्नागिरीचा बराचसा भाग बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतं, म्हणून तिथली काळसर पुळण फेल्डस्पार, पायरॉक्सीन, मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) अशा ५ ते साडेसहा कठीणपणाच्या कणांची आणि त्याहून मऊ शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. दक्षिणेला सिंधुदुर्गात खडक जुने, ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटच्या जातीचे. तारकर्ली, वेंगुर्ल्याची पांढरी वाळू पर्यटकांना भुरळ घालते ती क्वार्ट्झमुळेच, आणि तीच काचेला चरे पाडते. काळ्या पुळणीचा वेगळा ताप म्हणजे तिच्यातलं मॅग्नेटाइट. घड्याळाच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबक असेल तर हे कण तिथे येऊन चिकटतात आणि पुसताना पाठ खरवडतात. फडक्याने घासण्याआधी ते पाण्याच्या धारेने घालवावेत.

क्वार्ट्झला पुरून उरते ती सफायर काच, मोस पट्टीवर ९. खरं तर ती काचच नाही. तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अखंड स्फटिक, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जो पातळ थर असतो तेच रसायन शिस्तीने रचलेलं. दोन हजार अंशांहून जास्त तापमानाला वितळवून तो सावकाश वाढवतात आणि हिऱ्याच्या करवतीने कापतात. किंमत तिथून येते. पण कठीण म्हणजे न फुटणारं असं नव्हे. सफायर ताठर असतो. जांभ्याच्या पायरीवर कडेने आपटला तर तडकू शकतो. मजबूत केलेल्या काचेला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, साधारण ४०० अंशांना बुडवतात. काचेतले लहान सोडियम आयन (विद्युतभारित अणू) बाहेर येतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीवाटीने घुसतात आणि पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. तडा पसरण्यासाठी आधी हा दाब मोडावा लागतो, म्हणून ही काच आपटणं अधिक सोसते. दुसरं असं की सफायरचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, १.७७, काचेचा १.५. सफायरच्या प्रत्येक पृष्ठभागावरून जवळजवळ दुप्पट प्रकाश परततो. होडीवर भर दुपारी वेळ बघताना हे जाणवतं. त्यावर उपाय म्हणून वर लेप देतात, पण लेपावर चरे पडू शकतात.

तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याकडे रोज वाळूत काम असणाऱ्याने सफायरला पैसे द्यावेत. चिरेखाणीत किंवा बांधकामावर आपटाआपटी जास्त असेल तर मजबूत काच बरी. देवगडच्या आंबा बागायतदाराला घाम आणि खारी हवा आहे, वाळू कमी. त्याला कुठलीही चांगली काच पुरेल. काही कंपन्या सफायर फक्त महागड्या टायटॅनियम घड्याळाला देतात, ॲपल त्यातली एक. सॅमसंगने मात्र २०२२ च्या गॅलेक्सी वॉच ५ पासून ॲल्युमिनियमच्या चौकटीलाही सफायर बसवायला सुरुवात केली. म्हणून काच आणि चौकट वेगवेगळी तपासावी. काचेवर लावायची शे-दोनशे रुपयांची संरक्षक पट्टी सपाट काचेवर नीट बसते, बाकदार काचेवर तिच्या कडेखाली वाळू शिरते.

किमतीचा हिशेब करताना बॅटरी विसरून चालणार नाही. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता जाणवण्याइतकी घटलेली असते. रोज चार्ज होणाऱ्या घड्याळात ही वेळ दोन-तीन वर्षांत येते, आणि सॉफ्टवेअरचे अपडेटही कधीतरी थांबतात. टायटॅनियमची चौकट पन्नास वर्षं टिकेल, तिच्या आतलं यंत्र तेवढं टिकणार नाही. म्हणून रोज समुद्रात उतरणारे सोडले तर टायटॅनियमवर दुप्पट खर्च करण्यात मला शहाणपण दिसत नाही. तो पैसा बॅटरी बदलून देणारं सेवाकेंद्र जवळ असलेल्या घड्याळावर लावावा.

उरलेलं रक्षण गोड्या पाण्याने होतं. समुद्रावरून आल्यावर पट्टा काढून खाचा, बटणं आणि पाठ नळाखाली धुवायची. साबण नको, तो रबरी सीलला मानवत नाही. पट्टा धरणारी बारीक पिन साध्या स्टीलची असेल तर ती गंजून तुटते आणि घड्याळ पाण्यात जातं, म्हणून ती दर पावसाळ्याआधी बदलावी. चार्जिंगच्या पिना ओल्या असताना चार्जर कधीही लावू नये. खाऱ्या थेंबातून वीज गेली की धन बाजूची पिन भराभर खाल्ली जाते.

खोक्यावरच्या '५ एटीएम' या अक्षरांचा अर्थ नव्या घड्याळाने ५० मीटर खोलीइतका स्थिर दाब चाचणीत सोसला, एवढाच. मालवणला स्कूबा करायला ते पुरेसं नाही, त्यासाठी पाणबुड्यांचं म्हणून तपासलेलं घड्याळ लागतं. शिवाय सील जुनं होतं, पडल्या-आपटल्याने हलतं. घेतानाच दुकानदाराला विचारावं, हे सील बदलून मिळतं का. मिळत नसेल तर तीन-चार वर्षांनंतर ते घड्याळ पाण्यात नेऊ नये. कोरड्यात मनगटावर ते पुढेही चालत राहील.