ऑपरेशनची सही आणि संशोधनाची सही

मोठ्या रुग्णालयात, विशेषतः वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात, एकाच पेशंटच्या फाइलमध्ये दोन संमतीपत्रं असू शकतात. एक ऑपरेशनचं, दुसरं एखाद्या संशोधनात सहभागी होण्याचं. दोन्हींवर नाव तेच, वॉर्ड तोच, आणि बऱ्याचदा सही घेणारे डॉक्टरही तेच. राउंडची घाई असते, ‘काका, इथे आणि इथे सही करा’ एवढं कानावर पडतं आणि पेन पुढे होतं. घरच्यांच्या लेखी दोन्ही म्हणजे ‘सह्यांचे कागद’.

ऑपरेशनच्या सहीने तुम्ही डॉक्टरांना परवानगी देता: माझ्या आजारासाठी, माझ्या शरीरावर, एवढं एवढं करा. संशोधनाच्या सहीने तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करता. ते उत्तर पुढे हजारो पेशंटच्या कामी येईल. तुमच्या स्वतःच्या कामी येईल की नाही, हे सही करताना कोणीच सांगू शकत नाही. सांगता आलं असतं, तर संशोधनाची गरजच उरली नसती.

उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून ठरवतात. तुमचं वय, तुमची किडनी, तुमची शुगर पाहून डोस कमी-जास्त करतात, औषध लागू पडलं नाही तर दुसरं देतात. संशोधनात मात्र आराखडा आधी लिहिलेला असतो आणि डॉक्टरांना त्याच्या चौकटीत राहावं लागतं. अनेक चाचण्यांमध्ये कोणाला नवीन औषध आणि कोणाला जुनं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. काही वेळा दुसऱ्या गटाला औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळते. कोणाला काय मिळालं हे पेशंटला कळत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही कळू दिलं जात नाही, कारण कळलं की नकळत झुकतं माप दिलं जातं आणि तुलना खोटी पडते. यात कोणाची फसवणूक नाही. पण सही करणाऱ्याला हे आधी स्वच्छ कळलेलं असलं पाहिजे. ‘डॉक्टर माझ्यासाठी चांगलंच निवडतील’ हा भरवसा ओपीडीत योग्य असतो. चाचणीत निवड डॉक्टरांच्या हातातच नसते, आणि नेमकी हीच गोष्ट पेशंटपर्यंत सर्वांत कमी पोहोचते.

मुंबईचंच उदाहरण घ्या. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिला तिच्यात होत्या. प्रश्न असा होता, की डॉक्टर आणि पॅथॉलॉजीची लॅब हाताशी नसताना, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, तर कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का? वीस वस्त्या निवडल्या. दहा वस्त्यांमधल्या महिलांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. उरलेल्या दहा वस्त्यांमधल्या महिलांना कर्करोगाची माहिती एकदा सांगितली गेली. त्यांची तपासणी चाचणीच्या आराखड्यात नव्हती.

२०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्वस्त आणि खेड्यापाड्यांत करता येण्याजोगी तपासणी खरोखर जीव वाचवते, हे सिद्ध झालं. हे काम मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण याच चाचणीवर कडक आक्षेपही आले. पॅप तपासणीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून लॅबमध्ये पाहण्याचा, उपयोग जगाला आधीपासून माहीत असताना निम्म्या महिलांना तपासणीविना का ठेवलं? आणि अशी दुसरी तपासणी उपलब्ध आहे, हे त्यांना पुरेसं सांगितलं होतं का? संशोधकांच्या बाजूने उत्तर असं, की देशात अशा महिलांसाठी संघटित तपासणी मुळात नव्हतीच, त्यामुळे त्यांच्याकडून काही काढून घेतलं गेलं नाही.

माझं मत असं, की दुसरा गट ठेवण्याचा निर्णय वादाचा असू शकतो, पण सांगण्याबद्दल वाद असू नये. त्या वस्तीतल्या बाईच्या दृष्टीने टाटा रुग्णालयाची माणसं दारात येणं म्हणजे उपचार दारात येणं. आपण कोणत्या गटात आहोत आणि आपल्याला काय मिळणार नाही, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगणं ही संशोधनाच्या सहीची पहिली अट आहे. ऑपरेशनच्या सहीत हा प्रश्नच येत नाही. तिथे सगळं काही तिच्यासाठीच चाललेलं असतं.

म्हणूनच दोन्ही सह्यांवर देखरेख ठेवण्याची पद्धत वेगळी आहे. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन करावं की नाही, हे ठरवायला आधी कुठली समिती बसत नाही. डॉक्टर आणि तुम्ही ठरवता. काही चुकलं तर नंतर वैद्यकीय परिषद, ग्राहक आयोग किंवा न्यायालय. संशोधनात आधीच तिसरी नजर लागते. पहिल्या पेशंटला विचारण्यापूर्वी आराखडा, माहितीपत्रक आणि संमतीपत्र नीतिमत्ता समितीने मंजूर करावं लागतं. मराठीतून सही घ्यायची असेल तर मराठी मसुदासुद्धा. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. त्यांनुसार समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस, महिला, कायद्याचा जाणकार असले पाहिजेत. किमान निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचाच. हे सगळं अशासाठी, की संशोधन करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात दोन ओढी असतात. पेशंट बरा व्हावा ही एक, आणि अभ्यास पुरा व्हावा ही दुसरी. माणूस कितीही सज्जन असला तरी ही दुसरी ओढ जात नाही.

या समितीचं काम मंजुरीचा शिक्का मारून संपत नाही. चाचणीत कोणाला गंभीर त्रास झाला, तर डॉक्टरांनी २४ तासांच्या आत समितीला, औषध नियंत्रकांना आणि चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपनीला कळवायचं असतं. चाचणी थांबवण्याचा अधिकारही समितीला आहे.

आता कागद जवळून बघू. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर ऑपरेशनचं नाव, भूल कोणती, धोके काय, पेशंटची सही, साक्षीदाराची सही, एवढं असतं. औषध चाचणीच्या संमतीपत्रात नाव, वय, पत्त्याच्या खाली शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारलेलं असतं. त्याखाली वारसदाराचं नाव, पत्ता, नातं. बँकेच्या फॉर्मसारखे हे रकाने पाहून माणसं बुचकळ्यात पडतात, आणि काही ठिकाणी ‘ते राहू द्या’ म्हणून कोरे सोडलेही जातात. ते कोरे सोडू नयेत. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, याची ती नोंद आहे. सोबतचं माहितीपत्रक कित्येक पानांचं असतं: हे संशोधन आहे, किती दिवस चालेल, कोणत्या जादा तपासण्या होतील, चाचणीत न येता दुसरा कोणता उपचार मिळू शकतो, औषधाचा गुण न येण्याची शक्यता आहे, आणि कोणत्या गटात जाण्याची शक्यता किती. या माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत पेशंटला द्यावीच लागते. पेशंटला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. अगदी नवीन रेणूच्या, म्हणजे आधी औषध म्हणून न वापरलेल्या रसायनाच्या, औषधाची चाचणी असेल आणि पेशंट दुर्बल गटातला असेल, तर संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. रेकॉर्डिंगची अट २०१३ मध्ये, इंदूरच्या एका संघटनेच्या याचिकेवरच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यानंतर आली.

पैशांच्या बाबतीत तर दोन सह्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, तर पुढच्या उपचाराचं बिल साधारणपणे तुमचंच. भरपाई हवी असेल तर डॉक्टरांचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो, आणि नीट केलेल्या ऑपरेशनमध्येही गुंतागुंत होऊ शकते, असं न्यायालय मानतं. औषध चाचणीत निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. नवीन औषधाचा दुष्परिणाम झाला, चाचणीतल्या एखाद्या प्रक्रियेने इजा झाली, किंवा नेहमीचा उपचार उपलब्ध असताना तो न देता नुसती बिनऔषधी गोळी दिली आणि त्यातून नुकसान झालं, यांपैकी काहीही झालं तरी भरपाई देय ठरते. पोटातल्या बाळाला इजा झाली तरीही. इजा चाचणीमुळे नाही असं ठरेपर्यंत उपचार मोफत. मृत्यूच्या भरपाईचं सूत्रच नियमांत आहे: आठ लाख रुपये हा पाया, त्याला वय आणि आधीच्या आजाराची तीव्रता यांचे गुणक.

हा हक्क असतो त्या कागदाच्या जोरावर. कागद ‘ऑपरेशनच्या सह्यांमधलाच एक’ समजून घरी रद्दीत गेला, की इजा झाल्यावर घरचे चाचणीच्या डॉक्टरांना सांगतच नाहीत. जवळच्या दवाखान्यात जातात, स्वतःच्या खिशातून बिल भरतात आणि गप्प बसतात.

सही कोणाची, यातही गोंधळ आहे. आपल्याकडे ऑपरेशनच्या वेळी नवरा, मुलगा, भाऊ पुढे होतो. पण सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती त्याचीच असावी लागते. तपासणीसाठी भुलेखाली गेलेल्या एका महिलेचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढलं गेलं, त्या प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. फक्त जीव धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीवाचून उपचार करू शकतात. संशोधनात ही सवलत जवळपास नाहीच. आणखी एक फरक असा, की संशोधनातून कोणत्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि म्हणून तुमच्या नेहमीच्या उपचारात काही कमी करता येत नाही.

मुलांच्या बाबतीत संशोधनात आईवडिलांच्या सहीशिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यावरच्या वयाच्या मुलाचा लेखी. हा नियम किती महत्त्वाचा आहे ते खम्ममच्या प्रकरणाने दाखवलं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्यात दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस दिली गेली. त्याला नाव होतं ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’. खम्मममधल्या कित्येक मुली सरकारी वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. मृत्यू बहुधा लसीमुळे झाले नसावेत, असं चौकशी समितीने म्हटलं. पण संमतीचे कागद तपासले, तेव्हा आंध्रमधल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या प्रमुखांची किंवा मुख्याध्यापकांची सही निघाली. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

घोटाळा झाला तो याच सीमारेषेवर. लस देणं म्हटलं तर आरोग्यसेवा, आणि तिच्याबद्दल माहिती गोळा करणं म्हटलं तर संशोधन. सेवा म्हणवलं की शाळेतल्या लसीकरणासारखी एकगठ्ठा सही चालून जाते. संशोधन म्हटलं की आईवडील, मुलीचा होकार, विमा, त्रासाची नोंद हे सगळं लागतं. लस चांगली आहे हे यावर उत्तर नव्हे. चांगल्या लसीवरचा लोकांचा विश्वास अशा कारभारानेच उडतो, आणि खम्ममनंतर तो उडालाही.

सगळं संशोधन इतकं जोखमीचं नसतं. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, त्यासाठी चार प्रश्न विचारले जातात किंवा नेहमीच्या तपासणीबरोबर थोडं जादा रक्त घेतलं जातं. त्यालाही समितीची मंजुरी आणि वेगळी सही लागतेच. अशा ठिकाणी खुशाल हो म्हणावं. उद्याचे उपचार यातूनच उभे राहतात.

कागद कोणता आहे हे ओळखायला मोठं ज्ञान लागत नाही. ‘अभ्यास’, ‘संशोधन’, ‘चाचणी’, ‘सहभागी’ यांपैकी काही दिसलं, तर तो संशोधनाचा कागद. मग थेट विचारा: डॉक्टर, मी सही नाही केली तर माझ्या उपचारात काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असंच यायला हवं. माहितीपत्रक घरी नेऊन, वाचून, दुसऱ्या दिवशी उत्तर देण्याचा तुम्हाला अधिकार आहे. औषध चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) क्रमांक मागून घ्या. देशातल्या चाचण्यांची ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच तिथे नोंद करावी लागते. माहितीपत्रकावर दोन फोन नंबर असतात, एक चाचणीच्या डॉक्टरांचा आणि दुसरा नीतिमत्ता समितीचा. शंका डॉक्टरांबद्दलच असेल तर दुसरा नंबर लावा. त्यासाठी आधी सही केलेली असण्याचीही गरज नाही.