सुपर सेन्ताई आणि पॉवर रेंजर्स: एकाच पोशाखामागच्या दोन निर्मितिपद्धती

रंगीत घट्ट पोशाख, चेहरा पूर्ण झाकणारी हेल्मेट, पाच जणांनी एका रांगेत उभे राहून घेतलेली ठाशीव मुद्रा, पाठीमागे उसळणारा धूर आणि शेवटी इमारतींच्या उंचीचा यंत्रमानव, एवढे सारे एकत्र दिसले की पाहणारा सहजपणे ‘पॉवर रेंजर्स’ म्हणतो. कोणी अधिक माहितगार असेल तर तो सांगतो की ही मुळातली जपानी मालिका असून अमेरिकेने तिचे फक्त डबिंग केले. पहिल्या विधानात जपानची ‘सुपर सेन्ताई’ ही मालिकांची मालिका हरवते आणि दुसऱ्या विधानात अमेरिकी निर्मात्यांनी केलेले खरे काम हरवते. पॉवर रेंजर्स हे डबिंग नाही आणि नेहमीच्या अर्थाने पुनर्निर्मितीही नाही. जपानमध्ये पटकथा आधी लिहिली जाई आणि तिच्याबरहुकूम चित्रीकरण होई. अमेरिकेत मात्र चित्रीकरणाचा मोठा भाग आधीच हाती असे आणि पटकथा त्याच्यामागून येई. दोन्ही मालिकांमधले बहुतेक फरक या उलट्या क्रमातून निघतात.

सुपर सेन्ताईची सुरुवात एप्रिल १९७५ मध्ये चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेवर आधारलेल्या ‘हिमित्सु सेन्ताई गोरेंजर’ या मालिकेने झाली. निर्मिती तोएई कंपनीची होती. त्या काळी संघ होता, रंग होते, पण महाकाय यंत्रमानव नव्हता. १९७८ मध्ये तोएईने मार्व्हलशी झालेल्या करारातून स्वतःचा जपानी स्पायडरमॅन काढला आणि त्याला लढण्यासाठी एक प्रचंड यंत्रमानव देऊन टाकला. ही क्लृप्ती पुढच्याच वर्षी ‘बॅटल फीव्हर जे’ या सेन्ताई मालिकेत आली आणि मग तिथेच कायमची राहिली. दरवर्षी नवा संघ, नवा विषय आणि साधारण पन्नास भाग असा तिचा शिरस्ता बनला. बांदाई या खेळणी-कंपनीचे हितसंबंध पहिल्या आराखड्यापासून त्यात गुंतलेले असतात. पडद्यावर यंत्रमानवाचे तुकडे ज्या पद्धतीने एकमेकांत बसतात, त्याच पद्धतीने ते दुकानातल्या खेळण्यातही बसावे लागतात, त्यामुळे आकार ठरवताना छायालेखकाइतकाच खेळणी बनवणाराही विचारात घ्यावा लागतो.

तोक्योच्या नेरिमा भागातल्या ओइझुमी येथे तोएईचा स्टुडिओ आहे. तिथल्या कामाची सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे प्रत्येक नायक दोन माणसांचा मिळून बनतो. एक चेहरा दाखवणारा अभिनेता आणि दुसरा पोशाख घालणारा, ज्याला जपानी मंडळी सूट ॲक्टर म्हणतात. या दुसऱ्याला केवळ स्टंटमन समजणे चुकीचे ठरेल. स्टंटमन एखाद्या धोक्याच्या उडीपुरता येतो, तर सूट ॲक्टर वर्षभर तेच पात्र साकारतो आणि चेहऱ्यावरचा एकही भाव न दिसता राग, भीती, थट्टा हे सारे मान, खांदे आणि हात यांतून पोहोचवतो. सेन्ताईमधली पात्रे बोलताना मान इतकी जोरात का हलवतात, याचे उत्तर इथे आहे: ओठ दिसत नसल्यामुळे पाचांपैकी कोण बोलत आहे हे प्रेक्षकाला हालचालीवरूनच कळते. अभिनेते सोनी चिबा यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या जपान ॲक्शन क्लबमधून अशा कलावंतांच्या पिढ्या तयार झाल्या. काझुओ नीबोरी यांनी इतकी वर्षे लाल पोशाख अंगावर वागवला की त्यांना ‘मिस्टर रेड’ हे नावच पडले. गुलाबी किंवा पिवळ्या पोशाखातल्या नायिका साकारण्याचे काम कित्येक वर्षे पुरुष कलावंतांनी केले आणि युइची हाचिसुका यांनी तर त्यात खास प्रावीण्य मिळवले.

हेल्मेटही एक नसते. जवळून टिपायच्या दृश्यांसाठी गुळगुळीत, चकचकीत, काचेत एकही फट नसलेले हेल्मेट वेगळे आणि मारामारीसाठी दृष्टीपुरत्या फटी ठेवलेले, हलके हेल्मेट वेगळे. भाग थांबवून पाहिला तर लढाईच्या मध्येच काचेत फट उगवलेली आणि पुढच्या क्लोज-अपमध्ये ती नाहीशी झालेली दिसते. हेल्मेटमधून आलेला आवाज चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित करून उपयोग नसतो, म्हणून चेहऱ्याचा अभिनेता नंतर स्टुडिओत बसून सूट ॲक्टरच्या हालचालींवर आपले संवाद बसवतो. म्हणजे मुळातल्या जपानी मालिकेतही हेल्मेटधारी दृश्ये डबिंग केलेलीच असतात. यंत्रमानवांच्या लढाया आणि लहान आकाराची शहरे यांची जबाबदारी नोबुओ याजिमा यांच्या तोकुसात्सु केन्क्यूजो या विशेष-दृश्य संस्थेकडे असायची, आणि मोठे स्फोट उडवायचे असले की मंडळी तोचिगी प्रांतातल्या इवाफुने डोंगराच्या जुन्या दगडखाणीकडे निघत. अमेरिकी मुलांनी पाहिलेली अनेक उजाड रणांगणे कॅलिफोर्नियातली नसून जपानमधल्या अशाच जागा आहेत.

पॉवर रेंजर्सचे निर्माते हाइम साबान मूळचे संगीताच्या व्यवसायातले. ऐंशीच्या दशकात जपानमध्ये असताना त्यांनी अशी मालिका पाहिली आणि त्यांच्या मनात जे आले ते व्यापाऱ्याच्या मनात यावे असेच होते: खर्चिक भागांत चेहरे झाकलेले आहेत, तेव्हा ते भाग तसेच ठेवून उघड्या चेहऱ्यांचे भाग अमेरिकेत नव्याने टिपता येतील. १९८६ मध्ये त्यांनी नमुन्याचा एक भाग करून पाहिला, पण त्याला वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही. अखेर फॉक्स किड्स या मुलांच्या वाहिनीच्या मार्गारेट लेश यांनी तो विषय उचलला, कारण आधी मार्व्हल प्रॉडक्शन्समध्ये असताना त्यांनी स्वतः स्टॅन ली यांच्यासह एक सेन्ताई मालिका अमेरिकी वाहिन्यांना विकण्याचा निष्फळ प्रयत्न केलेला होता. २८ ऑगस्ट १९९३ रोजी ‘माइटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ सुरू झाली. तिचा कच्चा माल होता १९९२-९३ ची ‘क्योर्यू सेन्ताई झ्यूरेंजर’.

झ्यूरेंजरची कथा अशी की डायनासोरांच्या काळातले पाच योद्धे कोट्यवधी वर्षांच्या झोपेतून जागे होतात आणि मुलांचा द्वेष करणाऱ्या बांदोरा या चेटकिणीशी लढतात. त्यांचा मार्गदर्शक बार्झा नावाचा वृद्ध एका इमारतीचा रखवालदार म्हणून राहतो. अमेरिकेत योद्ध्यांची शाळकरी मुले झाली, रखवालदार गेला आणि त्याच्या जागी काचेच्या नळकांड्यात तरंगणारे झॉर्डनचे मस्तक आले, ज्याच्या ठाण्याची बाह्यदृश्ये सिमी व्हॅलीतल्या ‘हाउस ऑफ द बुक’ या इमारतीची आहेत. लेखकांसमोर मात्र जपानी लढायांची चित्रफीत पडलेली असे. राक्षस कोणता आहे, तो कुठे पडतो, कोणता नायक जखमी होतो, हे सारे आधीच ठरून गेलेले होते. आधी बेतून ठेवलेल्या कापडावर गिऱ्हाइकाची मापे बसवणाऱ्या शिंप्यासारखे त्यांचे काम होते आणि काही टाके बाहेरून दिसणे अटळ होते.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध टाका पिवळ्या पोशाखाचा. झ्यूरेंजरमधला पिवळा योद्धा बोई हा मुलगा आहे, म्हणून पाचांमध्ये झगा फक्त गुलाबी पोशाखाला आहे. अमेरिकी संघात दोन मुली हव्या होत्या, त्यामुळे पिवळा पोशाख ट्रिनी या मुलीच्या वाट्याला आला. हेल्मेट चढले की ट्रिनीची शरीरयष्टी बदलते आणि झगाही नसतो. जपानमध्येही नायिकांच्या पोशाखात पुरुष असत, पण तिथे पोशाख त्या पात्रासाठी शिवलेला असायचा, इथे पात्र पोशाखासाठी निवडले गेले.

खलनायिकेच्या बाबतीत अडचण उलट होती, कारण बांदोराचा चेहरा उघडा होता. माचिको सोगा यांचा तो रगेल, रंगेल अभिनय टाकवत नव्हता, म्हणून त्यांचीच दृश्ये ठेवून त्यांवर बार्बरा गुडसन यांचा इंग्रजी आवाज चढवला गेला आणि बांदोराची रीटा रिपल्सा झाली. तिचे ओठ जपानी बोलतात आणि आवाज इंग्रजी येतो. जपानी मुले दिसणारी तिची दृश्ये अर्थातच निरुपयोगी होती. मालिकेच्या या एका कोपऱ्यापुरते ‘अमेरिकेने डबिंग केले’ हे विधान खरे ठरते.

खरी कसोटी पुढे लागली. झ्यूरेंजरचे भाग होते पन्नास आणि अमेरिकेतला पहिला हंगाम लोकप्रियतेमुळे साठ भागांपर्यंत वाढला. साठा आटू लागल्यावर साबान यांनी तोएईकडून त्याच पोशाखांतल्या नव्या लढाया खास चित्रित करून घेतल्या, ज्या जपानी प्रक्षेपणात कधी आल्याच नाहीत. हिरव्या रेंजरचा पेच आणखी अवघड होता. जपानी कथेत हा सहावा योद्धा मध्यावर येतो आणि शेवटाच्या आधीच मरतो, त्यामुळे त्याची दृश्ये मोजकीच. जेसन डेव्हिड फ्रँक यांनी साकारलेला टॉमी मात्र मुलांचा लाडका झालेला. तेव्हा त्याची शक्ती क्षीण होत जाते, असे कथानक रचून शिल्लक चित्रफीत पुरवून पुरवून वापरली गेली.

दुसऱ्या हंगामात तर निर्मात्यांनी आपली गाठ स्वतःच घट्ट केली. जपानमध्ये पुढच्या वर्षी ‘गोसेई सेन्ताई डायरेंजर’ या नव्या मालिकेचे नवे पोशाख आले होते. अमेरिकी मुलांना ओळखीचे झालेले डायनासोर पोशाख सोडायचे नाहीत, पण यंत्रमानव आणि राक्षस डायरेंजरचे घ्यायचे, असे ठरले. टॉमीला परत आणण्यासाठी डायरेंजरमधला पांढरा पोशाखही घेतला. जपानमध्ये तो पोशाख को नावाच्या लहान मुलाचा आहे, जो रूपांतर होताच मोठ्या माणसाएवढा होतो, पण ती गोष्ट हेल्मेटखाली लपून गेली. लपत नव्हते ते हे, की जपानी चित्रफितीत पांढरा योद्धा ज्यांच्या शेजारी उभा आहे ते डायरेंजरचे पाच जण आहेत. झ्यूरेंजरच्या पाचांसोबत तो कुठल्याही जपानी दृश्यात नाही. परिणामी सहाही जण एकत्र दिसणारी प्रत्येक लढाई अमेरिकेतच उभी करावी लागली आणि डायरेंजर संघाची उत्तम मारामारी बाजूला पडली. १९९६ च्या ‘पॉवर रेंजर्स झिओ’पासून दरवर्षी जपानी मालिकेचे पोशाखही बदलून घेण्याचा मार्ग स्वीकारला गेला, तो मला तरी या अनुभवातून आलेला शहाणपणा वाटतो.

हेल्मेटचा उपयोग अमेरिकी निर्मात्यांना आणखी एका प्रसंगी झाला. १९९४ मध्ये मानधनाच्या प्रश्नावरून ऑस्टिन सेंट जॉन, वॉल्टर जोन्स आणि थुइ ट्रांग हे तिघे मुख्य कलाकार मालिकेतून बाहेर पडले. त्यानंतरचे काही भाग त्यांची जुनी दृश्ये, दुसऱ्यांचे आवाज आणि हेल्मेट घातलेली पात्रे यांच्या जोरावर निभावले गेले आणि मग नव्या कलाकारांकडे शक्ती सोपवण्याची कथा आली. झाकलेल्या चेहऱ्याचा हा व्यवहारी फायदा जपानमध्येही ठाऊक असणार, पण तिथे सूट ॲक्टरला ओळख आणि चाहते मिळाले, इथे कलाकाराची जागा भरून निघाली.

एखादे दृश्य कुठले हे ओळखायचे असेल तर राक्षसाकडे न पाहता रस्त्याकडे पाहावे. आपल्याप्रमाणे जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने धावतात आणि अमेरिकेत उजव्या. त्यामुळे जुन्या हंगामांत शाळेपासून लढाईपर्यंत जाताना रहदारीची बाजूच बदललेली दिसू शकते. पण ही खूण २००३ च्या ‘निंजा स्टॉर्म’आधीच्या हंगामांपुरती आहे. तेव्हा मालिका डिस्नेच्या मालकीची होती आणि चित्रीकरण न्यूझीलंडला गेले, जिथे वाहने पुन्हा डावीकडूनच चालतात.

आपल्याकडे याच काळात मुलांसाठीच्या जेटिक्सच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणातून अनेक मराठी घरांतल्या मुलांनी ही मालिका हिंदीत पाहिली. हेल्मेटमधली जपानी हालचाल, तिच्यावर अमेरिकेत लिहिलेला संवाद आणि त्यावर मुंबईच्या धाटणीची हिंदी, असे तीन थर त्यांच्या पडद्यावर एकदम येत होते.

मूळ सामग्री हाती असताना कथेला किती स्वातंत्र्य घ्यायचे, याबाबत अमेरिकी हंगामांत एकवाक्यता कधीच नव्हती. २०११ चा ‘सामुराई’ हा हंगाम २००९ च्या ‘शिंकेंजर’च्या इतका जवळून चालतो की मूळ मालिका पाहिलेल्याला पुढचा प्रसंग आधीच कळतो. त्याउलट ‘आरपीएम’ने २००८ च्या ‘गो-ऑनजर’ या हसऱ्या, बोलक्या गाड्यांच्या मालिकेची चित्रफीत घेतली आणि तिच्यावर संगणकीय विषाणूने उद्ध्वस्त केलेल्या जगाची काळवंडलेली कथा रचली. गाड्यांचे मोठमोठे कार्टूनी डोळे मात्र काढता येण्यासारखे नव्हते, म्हणून जगबुडीनंतरच्या त्या रणभूमीवरही ते टकामका पाहत राहतात. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत धीट नमुना हाच आहे, कारण इथे लेखकांनी चित्राची आज्ञा पाळली आणि तरी त्याचा सूर पूर्ण फिरवला.

२०१८ मध्ये मालकी हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी-कंपनीकडे गेली. २०२३ च्या ‘कॉस्मिक फ्युरी’मध्ये नायकांचे पोशाख प्रथमच जपानी मालिकेवरून न घेता स्वतंत्रपणे बनवले गेले आणि संघाच्या लढाया त्यांच्याच अंगावर नव्याने चित्रित झाल्या. यंत्रमानवांची दृश्ये मात्र तेव्हाही २०१७ च्या ‘क्यूरेंजर’मधून आली.