खाचेत न मावणारा खर्ज

रेकॉर्ड की स्ट्रीमिंग हा वाद निघाला की एक चित्र हमखास पुढे केलं जातं. एका बाजूला गुळगुळीत लहर, दुसरीकडे तिच्याच पायऱ्या झालेल्या. म्हणजे रेकॉर्डमध्ये अख्खा आवाज आणि डिजिटलमध्ये त्याचे तुकडे! चित्र झकास आहे, पण खोटं. लहरीतल्या सर्वांत वरच्या वारंवारितेच्या (सेकंदाला किती हेलकावे, हर्ट्झमध्ये) दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला मोजमाप घेतलं, तर त्या बिंदूंतून त्या मर्यादेतली एकच लहर जाऊ शकते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हे नीट मांडलं. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडीत सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात. स्पीकरकडे जाते ती पुन्हा गुळगुळीतच लहर.

पण मला जास्त गंमत वाटते ती रेकॉर्डची. 'जसाच्या तसा' आवाज तिच्या खाचेत नसतोच मुळी.

नेहमीच्या चुंबकीय पिकअपमध्ये, म्हणजे सुईच्या हालचालीची वीज करणाऱ्या भागात, किती वीज निर्माण होणार, हे सुई किती दूर गेली यावर नाही, किती वेगाने हलली यावर ठरतं. आता ५० हर्ट्झचा खर्ज आणि १,००० हर्ट्झचा सूर सारख्याच जोराने ऐकू यायला हवेत, म्हणजे सुईचा वेग सारखा हवा. खर्जाच्या एका हेलकाव्याला २० पट वेळ मिळतो, म्हणून त्याच वेगात सुई २० पट लांब जाणार. खाच शेजारच्या खाचेत घुसेल, सुई उडेल. उलट १०,००० हर्ट्झचा हेलकावा १,००० हर्ट्झच्या एक दशांशच. तो खरखरीत बुडून जाईल. म्हणून खाच कापतानाच खर्ज दाबतात आणि वरचे सूर फुगवतात. किती, हे १९५४ मध्ये ठरलेल्या 'आरआयएए' (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) वक्रात आहे: १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे सातपट कमी, १०,००० हर्ट्झ जवळजवळ पाचपट जास्त. ऐकताना अॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटमधलं (खास रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या जोडणीतलं) सर्किट बरोबर याच्या उलट करतं. त्यात वरचे सूर मूळ पातळीवर येतात. खरखर मात्र फुगवलेली नसतेच, ती फुकटात दाबली जाते!

मी पहिल्यांदा प्लेअर चुकून साध्या इनपुटला जोडला, तेव्हा पत्र्याच्या डब्यातून यावा तसा किरटा, क्षीण आवाज आला. सुई बदलायला निघालो होतो. खरं तर खाचेतला 'अस्सल' आवाज तोच होता.

मग घरी काय घ्यावं? अचूकपणा आणि शांत पार्श्वभूमी हवी तर स्ट्रीमिंग; फक्त सेटिंगमध्ये वरचा दर्जा निवडा. कधी कधी रेकॉर्डच सरस वाटते. त्यामागे बहुधा मास्टरिंग (प्रत काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) वेगळं असतं, डिजिटल प्रतीत सगळंच एकसारखं मोठ्ठं केलेलं असतं. महागड्या डिजिटल केबलने गाण्यात 'ऊब' येते म्हणणं मात्र मंतरलेल्या दोऱ्याच्या जातीचं.

रेकॉर्ड घेतलीत तर एक प्रयोग करा. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २०. तिथे १०,००० हर्ट्झची एक लहर ०.०२ मिलिमीटरमध्ये कोंबलेली असते. तबकडीच्या एका बाजूवरच्या शेवटच्या गाण्यातला 'स' ऐका. तो पहिल्या गाण्यातल्यापेक्षा जरा फाटका लागेल.