देशी स्पार्कलिंग वाइन : नारायणगावपासून सुपरमार्केटच्या वादापर्यंत

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सगळ्यात मागच्या फळीवर असते. पुढे व्हिस्की, बाजूला बिअरचा फ्रीज आणि वर ट्यूबलाइटखाली उभी करून ठेवलेली स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुडेवाल्या वाइनची, धुळकट बाटली. हजार रुपयांच्या आसपासची ही देशी स्पार्कलिंग चाखताना मरगळलेली लागली, तर दर वेळी दोष द्राक्षाचा नसतो. उजेड आणि उन्हाळा तिला मानवत नाहीत. ती तिथे का पडून असते, याचं उत्तर द्राक्षबागेत कमी आणि मंत्रालयात जास्त सापडतं.

सुरुवात नाशिकची नाही, नारायणगावची. 1980 च्या दशकात तिथल्या एका कारखान्याने फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने शॅम्पेनची पद्धत बसवली. दुसरं आंबवणं टाकीत न करता बाटलीतच करायचं, म्हणजे बुडबुडे आतल्या आत कोंडले जातात. त्यांची उत्तम वाइन फारसी कवीचं नाव लावून परदेशी गेली. तो कारखाना पुढे बुडाला. ‘शॅम्पेन’ हे नाव फक्त फ्रान्समधल्या त्या भागाचं, त्यामुळे आपल्या बाटलीवर ‘स्पार्कलिंग’ एवढंच येतं. लग्नाच्या हॉलवर मात्र तिला शॅम्पेनच म्हणतात.

खरा बदल 2001 च्या राज्य धोरणाने झाला. द्राक्षप्रक्रिया हा उद्योग मानून उत्पादन शुल्कात दहा वर्षांची सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले गेले. टेबल द्राक्षांचे, म्हणजे खायच्या द्राक्षांचे, दर दर हंगामात रडवतात, तेव्हा वाइन कंपनीशी केलेला बागेचा लेखी करार हा नाशिक-दिंडोरीच्या बागायतदाराला मोठा आधार वाटला. 2008 च्या मंदीनंतर तोच करार काहींच्या गळ्याशी आला. माल उचलायला कोणी येईना, आणि लोकांनी वेली उपटून पुन्हा टेबल द्राक्षं लावली. तगल्या त्या बागांत आज स्पार्कलिंगसाठी शेनिन ब्लां हे पांढरं द्राक्ष महत्त्वाचं आहे. बाकीच्या वाइनची द्राक्षं गोड होऊ देतात, ही मात्र आंबट असतानाच खुडतात. 2013 मध्ये एका फ्रेंच समूहाने दिंडोरी भागातली स्पार्कलिंग बाजारात आणली, आणि बुडबुड्यांना इथे गिऱ्हाईक आहे याची खात्री बाकीच्यांनाही पटली.

मग आला 27 जानेवारी 2022 चा मंत्रिमंडळ निर्णय. शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये, सव्वादोन घनमीटरच्या कुलूपबंद कपाटातून (म्हणजे अंदाजे दोन-अडीच गोदरेज कपाटांएवढ्या जागेतून) वाइन विकायला परवानगी. परवाना शुल्क वर्षाला 5,000 रुपये. शाळा-देवळांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. एवढ्या अटी कोणी वाचल्या नाहीत. ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द विरोधी बाकांवरून आला आणि बातम्यांत मुक्कामाला राहिला. एका ज्येष्ठ समाजसेवकाने उपोषणाचा इशारा दिला.

भांडण सगळं एका शब्दावर अडलं होतं : वाइन म्हणजे दारू का? सत्ताधारी म्हणाले, नाही, ती शेतमालावरची प्रक्रिया आहे. हे जरा जास्तच झालं. बारा टक्के मद्यार्क असलेल्या बाटलीला शेतमाल म्हणणं बागायतदाराच्या बाजूच्या माणसालाही जड जातं. पण समोरच्यांचा ‘दारू ती दारू’ हा सूरही कायद्याला धरून नव्हता. महाराष्ट्रात वाइन प्यायला वय 21 लागतं, व्हिस्कीला 25. म्हणजे सरकारी कागदावर हा फरक 2022 च्या आधीच होता. किराण्याशेजारी बाटली नको, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. मात्र तो घेणाऱ्यांनी, व्हिस्कीच्या काउंटरवर रांगेत उभं राहून वाइन घ्यावी लागते याचा विचार केला असता तर बरं झालं असतं. बाईने ती रांग लावावी का, हा प्रश्न तर चर्चेत आलाच नाही.

मार्चअखेरीस हरकतींसाठी मसुदा निघाला, जूनमध्ये सरकार बदललं आणि कपाट कागदावरच राहिलं.

त्यामुळे चाखणं अजून दोन ठिकाणीच नीट होतं : नाशिकला गंगापूर धरणाकडच्या वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये किंवा स्वतःच्या फ्रीजशी. पहिल्या ठिकाणी सतत खपणाऱ्या मालाची थंड बाटली मिळते. ग्लासात ओतल्यावर आधी फेस भसकन वर येतो आणि बसतो, मग तळातून बुडबुड्यांची बारीक माळ सुटते. नाकाला हिरवं सफरचंद, लिंबाची साल, कधी पिकू लागलेला पेरू. पावाचा वास फार शोधू नये, तो यीस्टसोबत लांब मुरवलेल्या महाग बाटल्यांत येतो. लेबलवर ‘ब्रूट’ असेल तर लिटरला 12 ग्रॅमपर्यंतच साखर, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ असेल तर नावाला न जुमानता थोडी जास्त. घरी आणलेली बाटली तीन तास फ्रीजमध्ये आडवी ठेवून, ग्लास साबणाशिवाय नुसत्या पाण्याने दोनदा विसळून घ्यावा. साबणाचा अंश राहिला की ती बारीक माळ उठतच नाही.