आमोस : इस्राएल राष्ट्रावरील दैवी न्यायनिवाडा

हिब्रू बायबलमधील बारा लघुसंदेष्ट्यांपैकी (देवाचा संदेश लोकांना सांगणारे, ज्यांचे ग्रंथ छोटे आहेत) आमोस याच्या ग्रंथात उत्तरेकडील इस्राएल राज्यावर खुद्द त्याच्याच देवाने आरोप ठेवले आहेत. आमोसाचा काळ इ.स.पू. आठव्या शतकाचा मध्य. ज्यांची वचने स्वतंत्र ग्रंथरूपाने जपली गेली, अशा संदेष्ट्यांत तो बहुधा सर्वांत आधीचा. तो दक्षिणेकडील यहूदा राज्यातला, बेथलेहेमजवळच्या तकोवा गावचा. मेंढरे राखणे आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणे हा त्याचा उद्योग. आपण संदेष्टा नव्हे आणि संदेष्ट्याचा मुलगाही नव्हे, असे तो स्वतःच सांगतो (७:१४).

त्या वेळी इस्राएलवर दुसऱ्या यराबामाचे (सु. इ.स.पू. ७८६–७४६) राज्य होते. दिमिष्कची (दमास्कस) ताकद ओसरली होती आणि अश्शूर (असिरिया) घरच्या भांडणांत गुंतले होते. त्या मोकळिकीत यराबामाने सीमा वाढवल्या, व्यापार फोफावला, राजधानी शोमरोनमध्ये (समारिया) पैसा आला. ही बरकत म्हणजे देवाची कृपा, असे राजदरबार आणि मंदिर मानत होते. आमोसाने त्याच बरकतीचा हिशेब मागितला.

ग्रंथाची सुरुवात शेजाऱ्यांवरील आरोपांनी होते. दिमिष्कने गिलाद या इस्राएली प्रदेशावर लोखंडी मळणीयंत्रे फिरवली, गज्जाने वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या, अम्मोनने सरहद्द वाढवण्यासाठी गर्भवतींची पोटे चिरली. मवाबाचा अपराध तर अदोमच्या राजाची हाडे जाळून चुना करण्याचा. या शेवटच्या अपराधात इस्राएलचे काहीच बिघडलेले नाही, तरीही देव जाब विचारतो. म्हणजे त्याचा कायदा एका जमातीपुरता नाही. शेजाऱ्यांची ही यादी ऐकताना शोमरोनचा श्रोता माना डोलवत असणार. मग यहूदाचे नाव येते (हा भाग नंतरची भर असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे) आणि शेवटी इस्राएलचे. इथे ग्रंथाचे खरे धारिष्ट दिसते. इतरांवरचे आरोप बहुतेक युद्धातल्या क्रौर्याचे, तर इस्राएलवरचे शांततेच्या काळातले, बाजारातले. चांदीसाठी निर्दोष माणूस आणि जोड्याच्या एका जोडासाठी गरीब विकला जातो (२:६). गर्भवतींची हत्या आणि कर्जापायी झालेली माणसाची विक्री आमोस एकाच रांगेत बसवतो.

आरोप नेमके आहेत. गरिबाचे गहाण पडलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा निर्गमच्या ग्रंथातला नियम. आमोसाच्या काळातले सावकार त्याच पांघरुणांवर वेदीशेजारी लोळतात. व्यापारी मापात पाप करतात : धान्य मोजायचा एफा लहान, चांदी तोलायचा शेकेल जड, तराजू खोटा आणि गव्हात चाळून उरलेला कचरा मिसळलेला (८:५–६). शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) कधी संपतो आणि दुकान कधी उघडते, याची त्यांना घाई असते. याच शब्बाथाला तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाला शेजाऱ्यांनी पुढे ‘शनिवार तेली’ म्हटले.

गाऱ्हाणे मांडायची जागा नगराची वेस. तिथे वडीलधारे बसून निवाडा करत. तीही विकली गेली होती : लाच घेऊन गरिबाला माघारी धाडायचे आणि खरे बोलणाऱ्याचा द्वेष करायचा (५:१०–१२). माझ्या मते सगळ्या आरोपांत हा सर्वांत जड आहे. बाजारात नाडलेल्या माणसाला वेशीवर दाद मिळू शकते. वेसच विकली गेली तर त्याला देवाखेरीज कोणी उरत नाही, आणि देव बोलतो तो नेमका याच ठिकाणी.

उपासनेत खंड नव्हता. बेथेल आणि गिलगाल येथे यज्ञ, दशांश, गाणी जोरात चालू होती. देव सांगतो की तुमच्या सणांचा मला वीट आला आहे. न्याय पाण्यासारखा वाहू दे (५:२१–२४). मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनमधील भाषणात हेच वचन वापरले. निवडलेपणाची ढालही आमोस काढून घेतो. पृथ्वीवरील सर्व कुळांत मी तुम्हालाच जवळ केले, म्हणूनच तुम्हाला शिक्षा करीन (३:२). ‘परमेश्वराचा दिवस’ शत्रूंच्या पराभवाचा असेल ही लोकांची आशा तो उलटवतो : तो दिवस अंधाराचा असेल.

शिक्षा मात्र एकाएकी येत नाही. दुष्काळ, टोळधाड, रोगराई हे आधीचे इशारे होते. प्रत्येकानंतर ‘तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत’ हे पालुपद येते. टोळांच्या आणि अग्नीच्या दृष्टान्तांत आमोस याकोबासाठी (म्हणजे इस्राएलसाठी) रदबदली करतो आणि देव माघार घेतो. तिसऱ्या दृष्टान्तात, परंपरेने ज्याला ओळंबा म्हणतात ती वस्तू हाती घेऊन देव भिंतीशी उभा असतो. या वेळी आमोस गप्प राहतो. बेथेलचा पुरोहित अमस्या त्याला बजावतो : यहूदात जा, तिथे भाकर खा, हे राजाचे पवित्रस्थान आहे.

इ.स.पू. ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर अश्शूरच्या गादीवर आला आणि चित्र पालटले. सु. ७२२ मध्ये शोमरोन पडले. अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन याच्या लेखात २७,२९० माणसे नेल्याचा दावा आहे. शोमरोनच्या उत्खननांत १९१० साली तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदींची खापरे सापडली. १९३० च्या दशकात तिथेच हस्तिदंती नक्षीचे तुकडे मिळाले. आमोस ज्या हस्तिदंती पलंगांचा उल्लेख करतो (६:४), त्यांच्यासारख्या सामानावरचेच ते असावेत.

एक अवघड प्रश्न ग्रंथातच उरतो. शोमरोन पडले, त्याची झळ नाडलेल्या गरिबांनाही बसली. नवव्या अध्यायात देव पापी राज्य नष्ट करीन, पण याकोबाचे घराणे समूळ नाही, असे म्हणतो. धान्य चाळणीत चाळावे तसे लोकांना राष्ट्रांमध्ये चाळले जाईल आणि मरतील ते पापी. त्यापुढची दावीदाच्या पडलेल्या मंडपाच्या उभारणीची वचने बऱ्याच अभ्यासकांना यहूदाच्या लोकांना बाबिलोनला हद्दपार केल्यानंतरची वाटतात. यहुदी परंपरेत आमोसाचा २:६ पासूनचा भाग, योसेफाला भावांनी वीस चांदीच्या नाण्यांना विकल्याच्या कथेसोबत सभास्थानात वाचला जातो.