तेलविहिरीतलं पाणी कुठलं? मशीन लर्निंगनं पाण्याचा उगम ओळखणं

तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर जे पाणी वर येतं ते मुळात कुठून आलं, हे त्यातल्या क्षारांवरून आणि त्या विहिरीच्या वागण्यावरून ठरवणं याला पाण्याचा उगम ओळखणं म्हणतात. हे काम पूर्वी माणसं तक्ते आणि आलेख समोर ठेवून करायची, आता त्यांच्या जोडीला जुन्या नमुन्यांवर शिकवलेली कॉम्प्युटर मॉडेल्स आली आहेत, आणि ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. तेलाची विहीर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळं तेल उसळताना येतं, पण विहीर म्हातारी होत गेली की तेल कमी आणि पाणीच जास्त असा प्रकार होतो. जगभराचा ढोबळ अंदाज एका बॅरल तेलामागं तीनेक बॅरल पाणी असा सांगतात (एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर). तेव्हा तेल कंपनी ही अर्धीअधिक पाणी उपसणारी कंपनीच असते असं म्हटलं तरी चालेल.

सांगली-साताऱ्यात बसून हे लिहायचं म्हणजे थोडं गमतीचं, कारण आपल्या पायाखाली तेल नाही. आपल्याकडं आहे तो दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर तिथल्या धक्क्यांचा अभ्यास सुरू राहिला आणि त्यासाठी पाटण तालुक्यात गोठणे इथं ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. त्यात हा काळा पाषाण (बेसॉल्ट) संपल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला, मधे गाळाच्या खडकाचा थरच नाही, आणि तेल सापडतं ते बहुतेक गाळाच्या खडकात. तेल नसलं तरी 'हे पाणी कुठलं' हा प्रश्न मात्र आपल्याकडं घरोघरी आहे, ते पुढं येईलच.

पाणी येतं कुठून कुठून

सगळ्यात पहिलं म्हणजे थरातलंच पाणी, त्याला फॉर्मेशन वॉटर म्हणतात. तेल ज्या सच्छिद्र खडकात असतं त्याच खडकात तेलाच्या खाली आणि कडेला खारं पाणी लाखो-कोट्यवधी वर्षं कोंडलेलं असतं, तेल उपसलं की ते हळूहळू वर चढतं. दुसरं म्हणजे आपणच वरून सोडलेलं पाणी. थरातला दाब टिकावा आणि तेल विहिरीकडं ढकललं जावं म्हणून बाजूच्या विहिरींतून पाणी आत दाबतात. मुंबई हाय घ्या, ओएनजीसीला तिथं १९७४ मध्ये तेल सापडलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या पुढं समुद्रात, तर तिथं दाबायला पाणी कुठलं मिळणार, समुद्राचंच.

तिसरा प्रकार त्रासाचा. विहिरीतला लोखंडी पाईप, म्हणजे केसिंग, गंजून भोक पडतं किंवा त्याच्या मागचं सिमेंट नीट बसलेलं नसतं आणि वरच्या-खालच्या भलत्याच थरातलं पाणी आत घुसतं. जत-आटपाडीकडं ज्यांनी बोअर मारताना बघितलंय त्यांना केसिंग समजावून सांगायला नको, वरचा मुरूम ढासळू नये म्हणून आपण पाईप घालतो आणि कातळ लागला की थांबतो. तेलविहिरीत मात्र पाईप बहुधा खालपर्यंत जातो, त्याच्यामागं सिमेंट भरतात, आणि मग तेलाच्या थरासमोरच पाईपला मुद्दाम भोकं पाडतात. याशिवाय ड्रिलिंगच्या चिखलातलं किंवा दुरुस्तीच्या वेळी सोडलेलं पाणी काही दिवस परत येत राहतं, आणि गॅसच्या विहिरीत वाफ थंड होऊन जवळजवळ गोडं पाणी निघतं.

एवढा आटापिटा कशाला, तर इलाज वेगवेगळा आहे म्हणून. खालचं पाणी चढलं असेल तर खालची भोकं बुजवायची, केसिंग फुटलं असेल तर तिथं दाबानं सिमेंट भरायचं, सोडलेलं पाणी एखाद्या भेगेतून पळत येत असेल तर ते सोडायचं प्रमाण कमी करायचं किंवा ती वाट जेलनं बंद करायची. निदान चुकलं तर महागडी दुरुस्ती वाया जाते, कधी कधी चांगला तेलाचा थरच बुजतो. अजून एक भानगड अशी की समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर आणि काही थरांतल्या पाण्यात बेरियम, हे दोन भेटले की बेरियम सल्फेटची खपली पाईपात बसते आणि ती साध्या ॲसिडनं निघत नाही. समुद्राचं पाणी विहिरीत पोचायला लागलंय हे लवकर कळलं तर खपली धरू नये म्हणून औषध वेळेत सोडता येतं.

पाण्याची ओळख

प्रत्येक पाण्याची क्षारांची ठेवण वेगळी असते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास, सल्फेट २.७ ग्रॅम. थरातल्या पाण्यात सल्फेट बऱ्याचदा नगण्य असतं, पण कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम जास्त असू शकतं, आणि एकूण खारेपणा समुद्राच्या कितीतरी पट किंवा उलट बराच कमीसुद्धा असतो. मिठाचे थर विरघळून खारं झालेलं पाणी असेल तर त्यात क्लोराइडच्या मानानं ब्रोमाइड फार कमी, समुद्राचं पाणी आटून खारं झालं असेल तर ब्रोमाइड जास्त. जोडीला ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासतात, पण ती तपासणी महाग, रोजच्या कामाची नाही.

हे सगळं एका नजरेत दिसावं म्हणून पायपरनं १९४४ मध्ये चौकट-त्रिकोणांचा आलेख काढला, स्टिफनं १९५१ मध्ये प्रत्येक पाण्याचा पतंगासारखा आकार काढायची पद्धत दिली, आणि रशियात सुलिननं १९४६ मध्ये आयनांच्या (क्षार विरघळून झालेल्या विद्युतभारित कणांच्या) गुणोत्तरांवरून पाण्याचे चार प्रकार पाडले. या पद्धती आजही वापरात आहेत आणि माझ्या मते मॉडेलच्या नादी लागायच्या आधी दहा मिनिटं स्टिफचे आकार बघावेत, निम्मे घोळ तिथंच दिसतात. अडचण एवढीच की एका आलेखात सहा-सात आयन मावतात, आणि विहिरी शेकड्यानं झाल्या की डोळे दमतात.

मशीन काय करतं

ज्या नमुन्यांचा उगम खात्रीनं माहीत आहे असे नमुने घ्यायचे, प्रत्येकाचे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, पीएच (आम्लपणा), टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) असे आकडे एका ओळीत मांडायचे, शेवटच्या रकान्यात उत्तर लिहायचं, आणि मॉडेलला म्हणायचं यातून नियम शोध. डिसिजन ट्री प्रश्न विचारत जातं, सल्फेट अमक्यापेक्षा जास्त आहे का, असेल तर मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर किती, असं करत एका फांदीच्या टोकाला पोचतं. एकटं झाड हट्टी असतं, पाठांतर करतं, म्हणून शेकडो झाडं थोड्या थोड्या वेगळ्या नमुन्यांवर वाढवून त्यांचं मतदान घेतात, ते रँडम फॉरेस्ट, ब्रायमननं २००१ मध्ये मांडलेलं. सपोर्ट व्हेक्टर मशीन दोन गटांमधे जास्तीत जास्त रुंद बांध घालायला बघतं. उत्तरंच माहीत नसतील तर पीसीए (बरेच आकडे दोन-तीन मुख्य आकड्यांत गोळा करायची पद्धत) आणि क्लस्टरिंग करून नमुने आपोआप किती टोळ्यांत पडतात ते बघतात. नमुने दोन-चारशेच असतात त्यामुळं मोठ्या न्यूरल नेटवर्कचा इथं फारसा उपयोग नसतो, तरी लोक लावतात.

नुसत्या रसायनावर न थांबता पाण्याचं प्रमाण कसं वाढत गेलं, दाब, तापमान, शेजारच्या विहिरीतून किती पाणी सोडलं हेही मॉडेलला देता येतं. पाणी एकदम वाढलं की हळूहळू, यावरून कारण ओळखायचे आलेख १९९५ मध्ये चॅन यांनी दाखवले होते, तेच निरीक्षण आता आकड्यांच्या रूपात मॉडेलमध्ये जातं.

आता मूळ गोची. मॉडेलला आपण विचारतो 'हे पाणी अ, ब की क', आणि खऱ्या विहिरीत पाणी बहुतेक वेळा मिसळलेलं असतं. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात, संगमाच्या खाली जाऊन कळशी भरली आणि कुणी विचारलं ही कृष्णा की वारणा, तर काय सांगणार? प्रश्नच चुकलाय, विचारायला पाहिजे कृष्णा किती आणि वारणा किती. समजा थरातल्या पाण्यात सल्फेट लिटरला ५० मिलिग्रॅम आणि क्लोराइड १२,००० आहे, सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात २,७०० आणि १९,०००. विहिरीच्या पाण्यात सल्फेट ७१२ निघालं तर हिशोबानं समुद्राचा वाटा पाव, मग क्लोराइड १३,७५० च्या आसपास यायला पाहिजे. तेवढं आलं तर दोन साक्षीदार एकच सांगतात. क्लोराइड १५,५०० निघालं तर समुद्राचा वाटा निम्मा, आणि हरवलेलं सल्फेट एकतर बेरियमची खपली होऊन बसलं किंवा जिवाणूंनी खाऊन त्याचा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड केला. म्हणजे क्लोराइड, ब्रोमाइड वाटेत बदलत नाहीत, सल्फेट आणि बायकार्बोनेट बदलतात, हे ज्याला माहीत नाही त्यानं केलेलं मॉडेल सल्फेटवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. म्हणून अलीकडं मॉडेलकडून नाव मागण्यापेक्षा टक्केवारी मागणं, आणि शुद्ध पाण्यांचे आकडे कागदावर मिसळून शिकवणीसाठी खोटे मिश्र नमुने तयार करणं, ही जास्त शहाणी वाट वाटते.

बाटली आणि लेबल

पलूस तालुक्यात माझ्या मामांची विहीर ऊस वाढल्यावर मचूळ झाली, शेतात कडेला पांढरं फुटायला लागलं, आणि त्याच रानात बोअरचं पाणीही होतं, तेव्हा विहिरीत बोअरचं पाणी उतरतंय की कालव्याचं पाझरून क्षार घेऊन येतंय हे बघायला मी चार बाटल्या भरल्या. मार्करनं लिहिलं, फ्रीजमध्ये ठेवल्या, बाहेर काढल्यावर बाटल्यांना घाम आला आणि शाई पुसली. दोन बाटल्यांवर नुसता 'वि' शिल्लक, ती विहीर एक की विहीर दोन देव जाणे. रिपोर्ट आला, आकडे सुंदर, मामा म्हणाले, "अरे आकडे राहू दे, पाणी कुठलं ते सांग." सांगता आलं नाही, परत भरावं लागलं.

तेलक्षेत्रात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो. शिकवायला घेतलेल्या नमुन्यांची लेबलं कुणीतरी वीस वर्षांपूर्वी अंदाजानं लिहिलेली असतात. बाटली उघडी राहिली की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच, बायकार्बोनेट बदलतं. चुनखडीच्या थरात ॲसिड सोडून विहीर धुतली असेल तर पुढचे काही दिवस कॅल्शियम आणि क्लोराइड भलतंच वाढतं, पोटॅशियम क्लोराइडचा चिखल वापरला असेल तर पोटॅशियम. असे नमुने बाजूला काढले नाहीत तर मॉडेल दुरुस्तीलाच 'नवीन थर' समजतं.

रिपोर्ट बरोबर आहे का हे बघायची जुनी युक्ती म्हणजे धन आणि ऋण आयनांचा ताळा, फरक पाचेक टक्क्यांत बसला की रिपोर्ट चालेल. पण जुन्या रिपोर्टांत सोडियम मोजलेलंच नसायचं, बाकीचे आयन मोजून उरलेलं ते सोडियम असं लिहून टाकायचे, त्यामुळं त्यांचा ताळा नेहमी शंभर टक्के जमतो. इतका सुरेख ताळा दिसला की उलट जास्त संशय घ्यावा.

अचूकता किती

९५ टक्के अचूक असं कुठं लिहिलेलं दिसलं की आधी विचारायचं, तपासणीचे नमुने वेगळ्या विहिरींचे होते का? एकाच विहिरीचा जानेवारीचा नमुना शिकवायला आणि मार्चचा परीक्षेला ठेवला तर ती परीक्षा कसली, तो पेपर फुटलेला. विहिरीप्रमाणे गट पाडून तपासलं की आकडा खाली येतो, तोच खरा. दुसरं म्हणजे केसिंग फुटीचे नमुने मुळातच थोडे असतात, सगळं 'थरातलं पाणी' म्हणून टाकलं तरी टक्केवारी चांगली दिसते आणि जे शोधायचं तेच निसटतं. तिसरं, क्षारांची टक्केवारी शंभराला बांधलेली असते, एक वाढला की दुसरा आपोआप कमी दिसतो, म्हणून ॲचिसन यांनी १९८० च्या दशकात सुचवल्याप्रमाणे गुणोत्तरांचे लॉग (लॉगरिदम) घेऊन काम करतात.

आणि एका क्षेत्रावर शिकवलेलं मॉडेल दुसरीकडं नेता येत नाही. मुंबई हायचा मुख्य थर चुनखडीचा, सोडलेलं पाणी समुद्राचं, तिथं सल्फेट आणि मॅग्नेशियम बोलतात. गुजरातमधल्या अंकलेश्वरला वाळूचा खडक आणि क्षेत्र जमिनीवरचं, तिथं सोडलेलं पाणी समुद्राचं नसेल तर मुंबई हायला शिकलेली झाडं नसलेल्या समुद्राचं पाणी शोधत बसतात आणि तरीही काहीतरी उत्तर देतात. त्यामुळं ओळखीच्या कुठल्याच पाण्याशी न जुळणाऱ्या नमुन्याला 'सांगता येत नाही' म्हणायची सोय मॉडेलमध्ये ठेवतात, आणि तशी विहीर आली की परत बाटली घेऊन माणूस पाठवतात.