जेम्स बाँडच्या मूळ कादंबऱ्या आणि त्यांची संदर्भपुस्तके: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इयान फ्लेमिंग यांच्या जेम्स बाँड कादंबऱ्या आमच्याकडून नेणारे अनेक वाचक तीन-चार पुस्तके संपल्यावर या मालिकेचे एखादे संदर्भपुस्तक मागतात. अशी पुस्तके १९६४ पासून निघत आली आहेत आणि त्यांतील बरीचशी एकमेकांसारखी दिसत असली तरी ती वेगवेगळ्या कामांची आहेत. कोणते पुस्तक कोणत्या प्रश्नाला उत्तर देते हे आधी कळले, तर आपला खर्च वाचतो आणि आमचाही परतीचा व्यवहार टळतो, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

प्रथम मालिकेची व्याप्ती. फ्लेमिंग यांच्या स्वतःच्या बाँडकथा एकूण १४ पुस्तकांत आहेत. त्यांपैकी १२ कादंबऱ्या व २ कथासंग्रह असून पहिली कादंबरी ‘कॅसिनो रोयाल’ एप्रिल १९५३ मध्ये लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने काढली. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ ही कादंबरी १९६५ मध्ये आणि ‘ऑक्टोपसी अँड द लिव्हिंग डेलाइट्स’ हा संग्रह १९६६ मध्ये, म्हणजे लेखकाच्या ऑगस्ट १९६४ मधील मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढे किंग्जली एमिस यांनी रॉबर्ट मार्कहॅम या टोपणनावाने १९६८ मध्ये, जॉन गार्डनर यांनी १९८१ पासून आणि रेमंड बेन्सन यांनी १९९७ पासून बाँडवर लिहिले. एखादे संदर्भपुस्तक ‘संपूर्ण’ असल्याचा दावा करते तेव्हा त्यात या १४ पुस्तकांचीच माहिती आहे की नंतरच्या लेखकांचीही, हे पाहूनच ते घ्यावे.

त्याहून महत्त्वाचा भेद कादंबरी आणि चित्रपट यांचा आहे, आणि ग्राहकांची सर्वाधिक निराशा याच ठिकाणी होते. बाजारातील पुष्कळशी जाडजूड, रंगीत छायाचित्रांची पुस्तके चित्रपटांविषयी आहेत, आणि कादंबरीच्या वाचकाला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. ‘मूनरेकर’चे उदाहरण पुरेसे आहे. १९७९ चा चित्रपट प्रेक्षकाला अंतराळात नेतो, तर १९५५ ची कादंबरी इंग्लंडची भूमी सोडतच नाही, आणि तिचा उत्तरार्ध केंट परगण्याच्या किनाऱ्यावर घडतो. ‘द स्पाय हू लव्हड मी’ या कादंबरीची निवेदक व्हिव्हिएन मिशेल नावाची तरुणी असून बाँड तिच्या कथेत बऱ्याच उशिरा येतो. फ्लेमिंग यांनी चित्रपटासाठी या कादंबरीचे केवळ नाव वापरू दिले होते. म्हणून मागणी नोंदवताना आपल्याला कादंबरीविषयी पुस्तक हवे आहे की चित्रपटाविषयी, हे आम्ही आवर्जून विचारतो. दोन्ही हवे असल्यास ती दोन वेगळी पुस्तके घ्यावी लागतात, असे आमचे मत आहे.

गुप्तहेराच्या कादंबरीला संदर्भपुस्तक कशाला हवे, असाही प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. कथा समजण्यासाठी ते मुळीच लागत नाही. मात्र फ्लेमिंग यांची रीत अशी की बंदूक, मोटार, सिगारेट, मद्य, पत्त्यांचा डाव किंवा गोल्फचे मैदान यांचा उल्लेख ते मोघम करत नाहीत. १९५० च्या दशकातील ब्रिटिश वाचकाला हे तपशील ओळखीचे होते. आज सत्तर वर्षांनी, आणि तेही पुण्यात किंवा नागपुरात बसून वाचणाऱ्याला, त्यांतील निम्मे अनोळखी वाटले तर त्यात नवल नाही. ‘गोल्डफिंगर’मधील रॉयल सेंट मार्क्स हे गोल्फचे मैदान सँडविच या इंग्लिश गावातील रॉयल सेंट जॉर्जेस या खऱ्या मैदानावरून घेतले आहे, किंवा ‘थंडरबॉल’पासून येणारा खलनायक ब्लोफेल्ड याची जन्मतारीख २८ मे १९०८ ही फ्लेमिंग यांचीच जन्मतारीख आहे, असे दुवे कळले की दुसऱ्या वाचनाला वेगळी गोडी येते. बंदुकीची हकीकत तर प्रसिद्धच आहे. जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकार वाचकाने १९५६ मध्ये फ्लेमिंग यांना पत्र लिहून बाँडचे .२५ बेरेटा पिस्तूल म्हणजे स्त्रियांच्या पर्समधले हत्यार असल्याचे कळवले. परिणामी १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके आले आणि ते देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचे नाव मेजर बूथरॉइड ठेवले गेले.

दुसरे कारण विसंगतींचे आहे. फ्लेमिंग दरवर्षी हिवाळ्यात जमेकातील ‘गोल्डनआय’ या आपल्या घरी जाऊन एक पुस्तक लिहून काढत, आणि मागील पुस्तकांशी सगळे जुळवून घेण्याची त्यांना फारशी फिकीर नसे. ‘कॅसिनो रोयाल’मध्ये बाँडने आपली बेंटली मोटार १९३३ साली विकत घेतल्याचे म्हटले आहे. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये मात्र त्याचा जन्म चिनी पंचांगातील उंदराच्या वर्षी, म्हणजे हिशेबाने १९२४ च्या सुमारास, झाल्याचे येते. दोन्ही विधाने खरी मानली तर त्याने वयाच्या नवव्या वर्षी मोटार घेतली असे होईल. अशा गाठी सोडवणे हा संदर्भपुस्तकांचा आवडता उद्योग आहे आणि प्रत्येक अभ्यासकाचे उत्तर निराळे आहे. जॉन पिअर्सन यांच्या बाँडवरील १९७३ च्या पुस्तकात बाँडचा जन्म ११ नोव्हेंबर १९२० चा, तर जॉन ग्रिझवोल्ड यांच्या अभ्यासात ११ नोव्हेंबर १९२१ चा धरला आहे. दोन पुस्तकांत तारखा वेगळ्या आढळल्या म्हणून कृपया प्रत सदोष समजू नये.

आता पुस्तकांविषयी. सर्वांत आधी, १९६४ मध्ये, ओ. एफ. स्नेलिंग यांचे ‘००७ जेम्स बाँड: अ रिपोर्ट’ निघाले. स्नेलिंग हे लंडनमध्ये जुन्या पुस्तकांचे लिलाव करणाऱ्या पेढीत काम करत, त्यामुळे आमच्या धंद्यातील माणसांना त्यांच्याविषयी थोडी जास्तच आपुलकी आहे. बाँडचे पूर्वसुरी, त्याची प्रतिमा, त्याच्या आयुष्यातील स्त्रिया, त्याचे शत्रू आणि त्याचे भवितव्य, अशी त्या पुस्तकाची सोपी मांडणी आहे. शेवटची दोन बाँडपुस्तके त्यानंतर आल्यामुळे त्यांची चर्चा यात नाही.

किंग्जली एमिस यांचे ‘द जेम्स बाँड डॉसियर’ १९६५ चे. एमिस स्वतः नामांकित कादंबरीकार होते आणि ‘खालच्या’ समजल्या जाणाऱ्या वाङ्मयप्रकाराविषयी त्यांनी येथे उघड प्रेमाने, पण पूर्ण गांभीर्याने लिहिले आहे. खऱ्याखुऱ्या माहितीचा कल्पक वापर करून अविश्वसनीय गोष्ट विश्वसनीय करण्याच्या फ्लेमिंग यांच्या हातोटीला त्यांनी ‘फ्लेमिंग परिणाम’ असे नाव दिले, आणि नंतरच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याची दखल घ्यावी लागली. पुस्तक लहान आहे, नव्या माहितीच्या दृष्टीने जुने झाले आहे, आणि तरीही यादीतील सर्वांत वाचनीय तेच आहे. संदर्भासाठी नव्हे, तर चार तास आनंदात घालवण्यासाठी घ्यायचे असेल, तर आम्ही हेच देऊ.

एकच पुस्तक घ्यायचे असल्यास मात्र आम्ही रेमंड बेन्सन यांचे ‘द जेम्स बाँड बेडसाइड कंपॅनियन’ सुचवतो. ते १९८४ मध्ये निघाले आणि १९८८ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. फ्लेमिंग यांचे चरित्र, बाँडच्या व्यक्तिरेखेचा तपशील, प्रत्येक कादंबरीची कथा व तिचे परीक्षण, एमिस व गार्डनर यांची तोवरची पुस्तके आणि त्या वेळेपर्यंतचे चित्रपट असा सगळा ऐवज एका बांधणीत आहे. म्हणजे वर सांगितलेल्या दोन-पुस्तकांच्या नियमाला हा अपवाद आहे. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पुढील प्रकरणात ओढून नेणाऱ्या फ्लेमिंग यांच्या शैलीचे विवेचन त्यात विशेष चांगले आहे. बेन्सन यांची मते ठाम आहेत आणि काही कादंबऱ्यांविषयीची ती आम्हालाही पटत नाहीत, परंतु मत आणि माहिती यांची सरमिसळ ते करत नाहीत. या अभ्यासानंतर सुमारे दशकाने त्यांनाच नव्या बाँड कादंबऱ्या लिहिण्याचे काम मिळाले.

ज्यांना ओळ न् ओळ तपासायची आहे त्यांच्यासाठी जॉन ग्रिझवोल्ड यांचे २००६ चे टिपा व कालक्रम यांचे पुस्तक आहे. प्रत्येक कथेतील घटना कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात व शक्य तेथे कोणत्या दिवशी घडल्या असाव्यात याची कथेतील पुराव्यांवरून केलेली मांडणी आणि त्याजोडीला शब्द, व्यक्ती व स्थळे यांवरील टिपा, असे त्याचे स्वरूप आहे. हे सलग वाचण्याचे पुस्तक नाही. कादंबरी उजव्या हाताशी आणि हे डाव्या हाताशी ठेवून वापरायचे आहे, आणि ज्याने फ्लेमिंग एकदाच वाचला आहे त्याला ते रुक्ष वाटेल हे आम्ही आधीच सांगतो. त्याची छपाई मागणीनुसार होत असल्याने ते येण्यास इतर पुस्तकांपेक्षा अधिक वेळ लागू शकतो.

जॉन पिअर्सन यांच्या दोन पुस्तकांत हमखास गोंधळ होतो. १९६६ चे ‘द लाइफ ऑफ इयान फ्लेमिंग’ हे लेखकाचे खरे चरित्र आहे. १९७३ चे बाँडचे ‘अधिकृत चरित्र’ मात्र कादंबरी आहे, ज्यात बाँड ही जिवंत व्यक्ती असल्याचे गृहीत धरले आहे. ते पुस्तक गमतीचे असले तरी त्यातील माहिती फ्लेमिंग यांच्या नावावर सांगता येणार नाही. चरित्रेच हवी असल्यास अँड्र्यू लायसेट यांचे १९९५ चे आणि निकोलस शेक्सपिअर यांचे २०२३ चे अशी दोन मोठी चरित्रे उपलब्ध आहेत. फर्गस फ्लेमिंग यांनी संपादित केलेला इयान फ्लेमिंग यांचा पत्रसंग्रह २०१५ मध्ये आला असून प्रकाशक, वाचक आणि तज्ज्ञ यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यात वाचायला मिळतो.

जुन्या आवृत्त्या जमवणाऱ्यांनी जॉन गिल्बर्ट यांची २०१२ ची ग्रंथसूची पाहावी. ती महाग आहे, परंतु पहिल्या आवृत्तीवर हजारो रुपये घालण्यापूर्वी ती एकदा तरी चाळावी. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’च्या अगदी आरंभीच्या थोड्या प्रतींच्या पुठ्ठ्यावर सोनेरी पिस्तूल उमटवलेले होते आणि पुढील प्रतींवर ते नाही. असे फरक विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर सोडण्यासारखे नसतात, आणि यात आमचाही शब्द आला. अमेरिकी पेपरबॅकमध्ये ‘कॅसिनो रोयाल’ हे ‘यू आस्क्ड फॉर इट’ या नावाने आणि ‘मूनरेकर’ हे ‘टू हॉट टू हँडल’ या नावाने निघाले होते, ही गोष्टही जुन्या बाजारात फिरणाऱ्याने ध्यानात ठेवावी. नवीन कादंबरी सापडली म्हणून ही पुस्तके घेतली जातात.

संदर्भपुस्तक आणि आपल्याजवळील प्रत यांचा मेळ बसणेही आवश्यक आहे. टीप पृष्ठांकावरून दिलेली असेल, तर ती वेगळ्या आवृत्तीत सापडणार नाही, म्हणून प्रकरणांनुसार संदर्भ देणारे पुस्तक नेहमी सोयीचे. एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या नव्या आवृत्त्यांत वंशविषयक काही शब्द व वाक्ये बदलली किंवा गाळली आहेत. जुनी संदर्भपुस्तके अर्थातच जुन्या संहितेवर आधारलेली आहेत, आणि त्यांतील एखादे अवतरण नव्या प्रतीत मिळाले नाही तर कारण बहुधा हेच असते. भारतातील वाचकांसाठी आणखी एक बाब आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे फ्लेमिंग यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२५ पासून भारतात मुक्त झाल्या आहेत. मरणोत्तर पुस्तकांची मुदत त्यांच्या प्रकाशनवर्षापासून मोजली जाते. यापुढे स्वस्त भारतीय आवृत्त्या निघतील, कदाचित नवे मराठी अनुवादही होतील. स्वस्त आवृत्ती घेताना ती कोणत्या संहितेवरून छापली आहे हे प्रकाशनाच्या पानावर नमूद केले आहे का, ते पाहावे. नसल्यास संदर्भपुस्तकाबरोबर वापरण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

वरील संदर्भपुस्तकांना मात्र ही सवलत लागू नाही. त्यांचे हक्क कायम आहेत, त्यामुळे दुर्मिळ झालेल्या पुस्तकाची झेरॉक्स प्रत किंवा पीडीएफ आम्ही देत नाही आणि त्यासाठी आग्रह करू नये, ही विनंती. स्नेलिंग व एमिस यांची पुस्तके मुख्यतः जुन्या प्रतींच्या रूपानेच मिळतात. अशा प्रतीची बांधणी, पानांवरील डाग, जॅकेट आहे की नाही आणि आधीच्या मालकाची सही किंवा शिक्का, यांची नोंद आम्ही पावतीवर करतो. नोंदीत नसलेला दोष आढळल्यास प्रत परत घेतली जाईल. जवळजवळ प्रत्येक संदर्भपुस्तकात सर्व कथांचे शेवट उघड केलेले असतात. त्यामुळे ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ आणि ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ या दोन कादंबऱ्या ज्यांनी अद्याप वाचलेल्या नाहीत, त्यांची मागणी आम्ही नोंदवून घेऊ, पण त्या दोन कादंबऱ्या आधी न्याव्यात असेच सुचवू.